वादळ येतंय की गेलंय

३ फेब्रुवारी, सोमवार

तेवीस तारखेच्या वाचनालयाच्या सभेतल्या भाषणाचा पहिला मसुदा :

"वाचनालयाच्या सभासदांनो, वर्गणी वेळेवर भरणाऱ्या, पंख्याखालची खुर्ची मिळावी म्हणून आठच्या ठोक्याला दारात उभ्या राहणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, आपलं चित्र आपल्याला न विचारता भिंतीवरून उतरवलं गेलं आहे. ते धुणार आहेत म्हणे. साठ वर्षं ज्या आकाशाखाली बसून आपण वाचायला शिकलो, ते आकाश कापसाच्या बोळ्याने पुसणार आहेत. कार्यकारिणीला हा अधिकार कोणी दिला?"

इथपर्यंत ठीक जमलं आहे. पुढे चित्राचं वर्णन येईल, ते मला तोंडपाठ आहे. जंगलखात्याच्या एका नकाशे काढणाऱ्याने ते रंगवून वाचनालयाला दिलं. खोल दरी, तळाशी काळी नदी, मागे डोंगरांच्या रांगा, वर तपकिरी, दाटून आलेलं आकाश आणि कड्याच्या टोकाला एक निष्पर्ण, वाकडं झाड. माणूस नाही, खोपट नाही, पायवाटही नाही. तीस वर्षं मी त्याच्यासमोर उभा राहून एकच सांगत आलो : वादळ येतंय, झाड एकटं आहे, आणि तरी झाड हललेलं नाही. छापखान्याच्या संपात मी आमच्या जुळाऱ्यांना, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कामगारांना, तिथे घेऊन गेलो होतो. त्यातल्या तिघांनी मालकाला द्यायला लिहिलेले माफीनामे त्याच दिवशी फाडले. त्या व्याख्यानाची पुस्तिका निघाली, ती संपली, पुन्हा निघाली. गावात मला 'तोफ' म्हणतात ते त्या झाडामुळे.

परवा लेक येतेय, दीड महिना राहायला. तिचं पत्र आलं होतं. हल्लीच्या पेनांना ती फिकट निळी शाई का भरतात कळत नाही. येतेय एवढं मुख्य ते कळलं, बाकी नेहमीचं असणार म्हणून घडी घालून ठेवलं. उत्तर लगेच टाकलं : "ये. वाट बघतोय."

६ फेब्रुवारी, गुरुवार

घरात हसू आलं आहे. लेक काल आली. तिच्या आईने शिवणाचं यंत्र बंद करून दोन तास गप्पा मारल्या. हे आमच्या लग्नानंतर पाच-सहा वेळाच घडलं असेल.

आज जेवताना मी तिला 'चित्र धुणं थांबवा' हे सह्यांचं निवेदन वाचून दाखवलं. वाचून म्हणजे पाठच आहे. एकशे बारा सह्या झाल्या. तिने ताट पुढे सरकवलं. मग म्हणाली, "बाबा, चित्र साफ करायचं काम माझ्याकडे आहे."

संग्रहालयात ती जुन्या चित्रांची डागडुजी करते हे मला ठाऊक आहे, पण एवढ्या मोठ्या देशात यांना माझीच मुलगी सापडावी? मी म्हटलं, हा कार्यकारिणीचा डाव आहे, तोफेच्या तोंडात तोफेचीच लेक कोंबली. ती म्हणाली, "पण तुम्ही तर..." आणि थांबली. उत्तर सुचलं नाही तिला. मुद्दा बिनतोड असला की असं होतं.

तिची आई मात्र माझ्याकडे अशी बघत होती, जशी ती मापाला न बसणाऱ्या कापडाकडे बघते.

लेकीचं हे पहिलंच स्वतंत्र काम. तेवीस तारखेच्या सभेत ठराव माझ्या बाजूने झाला, तर काम अर्धवट थांबेल आणि तिच्या नावावर ते कायमचं लागेल. हे मला कळतं. कळत नाही असं नाही. पण जे तत्त्व मुलीपाशी येऊन वाकतं, ते तत्त्व कसलं? हे वाक्य चांगलं आहे. भाषणात घेता येणार नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

हिने निळ्या दोऱ्याचं रीळ आणायला सांगितलं होतं, आणलं. म्हणाली, हे करडं आहे. गेल्या महिन्यातही तसंच झालं. दुकानदार सरळसरळ फसवतो. मी जाऊन त्याला दहा मिनिटं सुनावलं. तो बिचारा नुसता "बरं काका, बरं काका" करत राहिला. गुन्हेगार असाच नरमतो. त्यानंतर ही स्वतःच जाऊन रीळ बदलून आली आणि वर त्याला लिमलेटच्या गोळ्या देऊन आली. बायकांचं न्यायशास्त्र वेगळं असतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज वाचनालयाच्या मागच्या खोलीत गेलो. जायचं नाही असं ठरवलं होतं, पण शत्रूची छावणी पाहिल्याशिवाय लढता येत नाही.

चित्र लांब टेबलावर आडवं ठेवलं आहे. चार हात लांब, अडीच हात रुंद. भिंतीवरून उतरवल्यावर ते आजारी माणसासारखं दिसतं. लेक डोक्याला रुमाल बांधून बसली होती. एका काडीला कापूस गुंडाळायचा, द्रावणात बुडवायचा, चित्रावर हलकेच फिरवायचा आणि टाकून द्यायचा. पुन्हा नवा बोळा. बाजूच्या बरणीत तपकिरी झालेल्या बोळ्यांचा ढीग होता. म्हणाली, रंगावरचं वॉर्निश पिवळं पडतं, त्यावर दिव्यांची काजळी बसते. आपण म्हणतो ते आकाश म्हणजे साठ वर्षांचा थर आहे. ती आधी तळहाताएवढा चौकोन साफ करते. त्याला त्यांच्यात खिडकी म्हणतात.

"ही बघा, आकाशातली खिडकी," ती म्हणाली. "काय दिसतं?"

मी वाकून पाहिलं. नीट पाहिलं. तपकिरी आकाश होतं, बाजूला होतं तसंच. किंचित उजळ असेल. मी तिला तसंच सांगितलं : एवढी मेहनत करून काही फरक पडलेला नाही, बाळ, तू पाण्यावर रेघा ओढते आहेस.

मला वाटलं ती भांडेल. लहानपणी भांडायची, माझ्यासारखीच, टेबलावर मूठ आपटून. आज तिने काडी खाली ठेवली, माझी हनुवटी दोन बोटांनी धरून तोंड खोलीच्या खिडकीतल्या उजेडाकडे वळवलं आणि माझ्या डोळ्यांत निरखून पाहिलं. मग टेबलावरच्या तिच्या रुमालांपैकी निळा उचलून द्यायला सांगितलं. मी दिला. तिने तो घेऊन बाजूला ठेवला आणि स्वतः उठून दुसरा घेतला.

बाहेर ग्रंथपाल भेटला. म्हणाला, काय तोफसाहेब, पोरीला हरवलंत का? मी म्हटलं, निम्मी. पण घरी येताना जिंकल्यासारखं वाटलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वर्तमानपत्राच्या संपादकाला पत्र : आपल्या अंकाची शाई गेल्या वर्षभरात इतकी पुचाट झाली आहे की एकतीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या माणसालाही मजकूर लावून वाचावा लागतो. वाचकांना गृहीत धरू नका.

खोलीतला बल्ब बदलला. हा तिसरा. हल्ली बल्बही पुचाट.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सह्या दोनशे चार. घरातली एक मिळत नाही.

हिच्यासमोर कागद ठेवला. हिने सुईतून दोरा ओवला, गाठ मारली, दाताने तोडली. मग म्हणाली, "मी कशाच्या आधारावर सही करू? ते चित्र मी कधी नीट बघितलेलंच नाही."

मी म्हटलं, माझ्या प्रत्येक व्याख्यानाला तू पहिल्या रांगेत बसायचीस.

"बसायचे ना. पण तुम्ही बोलत असायचात."

ती टोमणा मारत नव्हती. हे ती 'आज पाणी उशिरा आलं' असं सांगावं तसं बोलली आणि यंत्र सुरू केलं.

या घरात माझ्याविरुद्ध कट शिजतो आहे. स्वयंपाकघरात दोघी कुजबुजतात आणि मी गेलो की भांडी वाजायला लागतात. आज माझ्या पायातले मोजे हिने मला काढायला लावले, म्हणाली एक काळा, एक हिरवा आहे. दोन्ही काळे होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आजचं नीट लिहायला हवं. अक्षर मोठं काढतो आहे, या वहीच्या रेघा फार फिक्या छापल्या आहेत. नाही. हे वाक्य खोडायला हवं. पण राहू दे.

सकाळी लेक म्हणाली, बाबा, आज माझं एक काम करा. छापखान्यात तुम्ही मुद्रित कसं ताडायचात, तसं आपण चित्र ताडून बघू.

आमच्याकडे रीत अशी होती : एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर बोट ठेवून ऐकायचं. स्वल्पविरामसुद्धा म्हणून दाखवायचा. ऐकणाऱ्याने वाद घालायचा नाही, फक्त फरक पडला की टिचकी मारायची. कितीही हुशार मुद्रितशोधक असला तरी तो एकटा बसला की त्याला छापलेलं दिसत नाही, आपल्या मनातलं दिसतं. म्हणून दोघं लागतात. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हे मीच शिकवत असे.

तेव्हा चित्र ही मूळ प्रत आणि माझी पुस्तिका हे मुद्रित. मी पुस्तिका मांडीवर घेऊन बसलो. तिने तोवर झाड पूर्ण आणि आकाशाचा एक मोठा पट्टा मोकळा केला होता. डावीकडून, वरून तिने सुरुवात केली.

"आकाश. वर गडद निळं, खाली येता येता फिकट. डोंगराला टेकतं तिथे जरासं गुलाबी."

मी टिचकी मारली.

"ढग. तीन. उजव्या कडेला, पाठमोरे. खालच्या कडा विस्कटलेल्या. दूरच्या डोंगरावर अजून पाऊस पडतोय, पण जवळचे डोंगर ओले आणि उन्हात आहेत."

टिचकी.

"झाड. वाकडं. एक फांदी मोडून लोंबते आहे, मोडलेली जागा पांढरी आहे. म्हणजे आत्ताच मोडली. दुसऱ्या फांद्यांना पालवी. तांबूस, कोवळी. मी मोजली, सत्तावीस पानं."

मी टिचकी मारली नाही. मी वाद घातला, नियम मोडून. म्हटलं, तू लावलीस ती पानं. रंगवलीस. ती शांतपणे म्हणाली, मी चित्रावर रंग लावत नाही, फक्त वरचा मळ काढते.

मग मी ग्रंथपालाला हाक मारली. हा माझा तीस वर्षांचा श्रोता, निवेदनावर पहिली सही त्याचीच. म्हटलं, आकाशाचा रंग सांग. तो माझ्याकडे, मग लेकीकडे, मग जमिनीकडे बघू लागला. मी ओरडलो तेव्हा म्हणाला, "निळा आहे हो, तोफसाहेब. लख्ख निळा." पुस्तक परत करायला आलेल्या एका अनोळखी बाईंना मी दारातून आत बोलावलं. त्यांना ना माझं व्याख्यान ठाऊक, ना लेकीचं काम. म्हटलं, फक्त काय दिसतं ते सांगा. त्या म्हणाल्या, "छान आहे. पाऊस पडून गेलाय. झाडाला पानं फुटलीत."

मी पुन्हा चित्राकडे पाहिलं. तपकिरी आकाश. निष्पर्ण झाड.

मांडीवरच्या पुस्तिकेकडे पाहिलं. मला तिच्यातलं एक अक्षरही लागत नव्हतं. इतका वेळ मी पाठ म्हणत होतो.

लेक जवळ येऊन खाली बसली. म्हणाली, "किती दिवसांपासून, बाबा?" मी म्हटलं, मला वाटत होतं बल्ब. येताना तिने माझं कोपर धरलं होतं. रस्ता ओलांडताना मी ते सोडवून घेतलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. म्हणाल्या, भिंग पिवळं-तपकिरी होत जातं तसा निळा रंग आधी जातो, आणि हळूहळू जातो म्हणून माणसाला कळत नाही. एवढे दिवस कसे काढलेत? मी म्हटलं, बोलून. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी उजवा डोळा, मग डावा.

रिळाच्या दुकानात जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "बरं काका."

२० फेब्रुवारी, गुरुवार

हिने आज लेकीचं ते पत्र मला वाचून दाखवलं. मीच काढून दिलं. लेक वाचनालयात होती. पत्र पूर्ण असं आहे :

"बाबा, तुमच्या वाचनालयातलं चित्र साफ करायचं काम मला देऊ करताहेत. घेतलं तर पाच तारखेला येऊन दीड महिना घरीच राहीन. मी अजून हो म्हटलेलं नाही. ते चित्र तुमचं आहे. मी सात वर्षांची असताना तुमच्या खांद्यावर बसून ते पहिल्यांदा जवळून पाहिलं आणि त्यावर कसली तरी धूळ आहे असं म्हटलं, तेव्हा तुम्ही हसला होतात. त्यामुळेच मी या कामाकडे वळले, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही नको म्हणालात तर मी घेणार नाही, आणि वाईटही वाटून घेणार नाही. घेऊ का? एका ओळीत कळवा."

आणि मी एका ओळीत कळवलं होतं. ये. वाट बघतोय.

हिने पत्राची घडी घातली. मी विचारलं, तुला हे ठाऊक होतं? म्हणाली, पत्र तुम्हाला होतं. तुम्ही म्हणालात वाचलं, मला वाटलं वाचलंच असेल.

लेक आल्यावर मी विचारलं, मी सह्या गोळा करत हिंडत होतो तेव्हा तू हे माझ्या तोंडावर का फेकलं नाहीस? तिला राग आला होता का असंही विचारलं. ती हातांवरची काजळी पुसत होती.

"मला वाटलं, बाबांना माझं काम मान्य नाहीये. पण मी घरी यावं असं त्यांना वाटतंय. म्हणून 'ये' म्हणाले. मग म्हटलं, तेवढं तर तेवढं."

पंधरा दिवस ती त्या 'तेवढ्या'वर माझ्या घरात जेवत होती. मी चार हजारांच्या सभा गाजवल्या आहेत. आज मी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो ठेवू दिला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर एकाच गोष्टीशी झटतो आहे. वादळ येत नव्हतं. ते येऊन गेलं होतं. मग संपातल्या त्या तिघांनी जे माफीनामे फाडले ते कशाच्या जोरावर? काजळीच्या? त्यातल्या एकाची नोकरी कायमची गेली. त्याला मी काय दाखवलं होतं?

हिला विचारलं. ही काज करत होती. म्हणाली, "त्यांना धीर आला होता ना?" म्हटलं, आला होता. "मग आला होता. तो काय आता परत घ्यायचाय?"

हे मला पुरेसं नाही. पण याहून चांगलं उत्तर माझ्या कपाटातल्या एवढ्या पुस्तकांत सापडलं नाही, आणि सापडलं असतं तरी वाचता आलं नसतं.

संध्याकाळी लेकीला म्हटलं, मी नवं व्याख्यान रचतो : 'वादळानंतर'. मोडलेली फांदी म्हणजे आपण सोसलेलं, पालवी म्हणजे... ती इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, "बाबा, आधी बघा तरी." मग तिने सांगितलं, की चित्र साफ करताना एका कोपऱ्यात बोटाच्या नखाएवढा जुना थर तसाच ठेवतात, आधी काय होतं याचा पुरावा म्हणून. तो चौकोन तिने नदीच्या काठाला ठेवायचं ठरवलं आहे. चित्रासमोर बोलताना माझी दाखवायची काठी नेमकी तिथे टेकलेली असायची म्हणे. मला ते आठवत नाही. तिला आठवतं.

आणि तिने आजपासून आकाशाला हात लावणं थांबवलं आहे. उरलेला पट्टा माझा डोळा उघडल्यावर माझ्यासमोर साफ करणार. कार्यकारिणीने उशिराचं कारण विचारलं, तर तिने सांगितलं, तांत्रिक अडचण.

पण त्याआधी परवाची सभा आहे. सह्या दोनशे एकतीस. त्या माझ्या शब्दावर दिलेल्या आहेत. निवेदन नुसतं मागे घेतलं तर लोक म्हणतील, पोरीसाठी तोफ थंड पडली. आणि तिच्या कामावर तो डाग जन्मभर राहील, बापाने वाचवलं म्हणून. हे तिला नको आहे. मलाही नको आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

शेवटचा मसुदा. हिने लिहून घेतला, कारण मला माझंच अक्षर आता लागत नाही. मध्ये तिने दोन विशेषणं गाळली. मी विचारलं तर म्हणाली, जास्त होती.

"वाचनालयाच्या सभासदांनो, तुमच्यावर अन्याय झाला आहे आणि या वेळी तो कार्यकारिणीने केलेला नाही. तीस वर्षं तुमच्या आणि या चित्राच्या मध्ये एक माणूस उभा होता. तो मी.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. हे आकाश मला तपकिरी दिसतं. हे झाड मला बोडकं दिसतं. ज्याला निळा दोरा ओळखता येत नाही, त्याच्या शब्दावर तुम्ही दोनशे एकतीस जणांनी सह्या दिल्यात. त्या मी तुम्हाला परत करतो आहे. कागद टेबलावर आहे, ज्याला आपलं नाव खोडायचं त्याने खोडावं, ज्याला ठेवायचं त्याने ठेवावं. चित्र साफ करणारी माझी मुलगी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणून ठरावावर मी मत देणार नाही. तुम्हीही माझ्याकडे बघून देऊ नका, तिच्याकडे बघूनही देऊ नका.

चित्र आज टेबलावरून उठवून इथे उभं केलं आहे. निम्मं साफ, निम्मं तसंच. मी त्याच्याशेजारी खुर्चीवर बसणार आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदा या खोलीत गप्प राहणार आहे. तुम्ही वाचा, मी ऐकतो. कोणी वाद घालायचा नाही, कोणाला काय वाटलं ते नंतर. आधी फक्त काय दिसतं ते.

हात वर करायची घाई नको. पहिल्या रांगेपासून उठा, एकेक जण या चित्रासमोर उभे राहा आणि आकाशाचा रंग मला मोठ्याने सांगा."